बाल्कनीतली बोगनवेल फुलत नाहीये? आधी पाणी कमी करा

मुंबईत बोगनवेल लावायची तर जागा बघा आधी, कमीत कमी ५-६ तास कडक ऊन हवंच, सावलीत नुसती पानं आणि काटे वाढतात. १२ इंची कुंडी पुरते, खाली भोकं मोठी ठेवा आणि माती भुसभुशीत, म्हणजे लाल माती, रेती, शेणखत, थोडा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालेल पण जास्त नको कारण तो पाणी धरून ठेवतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस थांबतच नाही, मुळं कुजतात. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढूनच टाका.

आता मेन गोष्ट, पाणी. आमच्या बोगनवेलीला आई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची, दोन वर्षं एक फूल नाही! मग ऑक्टोबरमधे पाणी तोडलं, पानं जरा मलूल होऊन खाली झुकली की मगच भरपूर घालायचं, असं तीनेक आठवडे केलं आणि शेंड्यांना बारीक गुलाबी टोकं दिसायला लागली, इतका आनंद झाला ना. जवळून बघा कधीतरी, तो रंगीत कागदासारखा भाग फूल नाहीच, ती पानंच, खरं फूल मधे असतं, पांढरं, इवलंसं.

बहर संपला की छाटणी करा कारण फुलं नव्या फुटव्यावर येतात. युरिया अजिबात नको. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची कटिंग पावसाळ्यात सहज लागते, हातमोजे मात्र घाला.