पहिली डोंगरशर्यत: तयारी उताराची करा

फॉर्म भरताना किलोमीटर सगळेच बघतात. शेजारी लिहिलेला चढाईचा आकडा मात्र बघायचा राहून जातो, आणि बेळगावात टिळकवाडी-कॅम्पच्या डांबरी रस्त्यावर मुरलेल्या माणसाची फसगत तिथूनच सुरू होते. ढोबळ हिशेब सोपा आहे: दर १०० मीटर चढाईमागे सपाटीवरचा एक किलोमीटर जास्त धरायचा. २१ किलोमीटर अंतर आणि ७०० मीटर चढाई म्हणजे पायांच्या लेखी २८ किलोमीटर. सपाटीवर सात मिनिटांना किलोमीटर पळत असाल तर सव्वातीन तास झाले, आणि वाटेवरचा घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, अजून मोजलेलाच नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी नियम सांगितला होता, ताशी तीन मैल आणि दर दोन हजार फूट चढाईला एक तास वाढीव. त्या मापाने हीच वाट नुसती चालत साडेपाच तासांची होते. आता आयोजकांनी दिलेली कट-ऑफची वेळ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, काढा आणि या दोन आकड्यांच्या मधे ती कुठे बसते ते बघा. सरावाचा आराखडा त्यावरून ठरेल.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. येळ्ळूरचा राजहंसगड आहे, देवरवाडीचा वैजनाथ डोंगर आहे. गडावर डांबरी रस्ता गेलाय, पण तुम्ही पायवाटेने जा. आठवड्यातून एकदा तरी किलोमीटर न मोजता वेळ मोजून पळा: आज दीड तास, दोन आठवड्यांनी दोन तास, असं हळूहळू वाढवत. चढ उभा झाला की चालायचं, हात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवून, पावलं छोटी ठेवून. यात कमीपणा काही नाही. उभ्या चढावर धापा टाकत पळणारा आणि दमात चालणारा यांच्यात फारसं अंतर पडत नाही, आणि माथ्यावर पोचल्यावर दुसऱ्याच्या पायात ताकद शिल्लक असते.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस चढाची धास्ती घेतो, आणि त्याला आडवा येतो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतो. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. गंमत अशी की स्नायू हे चटकन शिकतात. एकदा उतारावर दमवलेल्या मांड्या पुढच्या वेळी तेवढ्या दुखत नाहीत, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून शेवटचा मोठा उताराचा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी ठेवा. त्यानंतर पळणं कमी करत आणायचं. शेवटच्या आठवड्यात गड चढून स्वतःची परीक्षा घ्यायची हौस आवरा.

उतरायची पद्धतही आहे. मागे झुकून टाचेवर ब्रेक मारत उतरलात की गुडघे बोलायला लागतात. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि भराभर, हात पसरलेले, नजर पायाशी न ठेवता चार-पाच पावलं पुढे. खानापूर-जांबोटीकडे जांभ्याची जमीन आहे आणि तिच्यावरचा बारीक गोल मुरूम बुटाखाली गोट्यांसारखा सरकतो. तिथे धीटपणा नको, वाटेच्या कडेच्या गवतावरून चाला. घोट्यांसाठी घरीच, दात घासताना एका पायावर उभं राहा. जमायला लागलं की डोळे मिटून.

बूट नवे घ्यायचे तर महिनाभर आधी घ्या. तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात हवेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा. ती नसली तर उतारावर नख बुटाला आपटत राहतं आणि काळं पडतं. दुकानात संध्याकाळी जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, ते घरी राहू द्या. मोजे घोट्याच्या वर येणारे घ्या, कारण पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळं. ती बुटाच्या जाळीतून आत शिरतात, उलटी बाहेर येत नाहीत, आणि प्रत्येक पावलाला एकाच जागी टोचतात. थांबून एक-एक उपटण्यात दहा मिनिटं जातात. करवंदीची जाळी आणि घाणेरी वाटेवर आलेली असते, तेव्हा लांब बाह्यांचा हलका टी-शर्ट बरा.

खाण्याचं फार अवघड करू नका. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे, जे सरावात पचलं तेच शर्यतीत. कुंदा खिशात नेण्याची कल्पना मोहक आहे, पण उन्हात दुधा-तुपाचं जड गोड पळताना पोटात बसत नाही. पाणी तहान लागेल तसं, घोट-घोट. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्याचं असेल तर लिटरभरातच कालवा, छोट्या बाटलीत अख्खं पाकीट ओतू नका. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पितो. इब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी पळताना घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना तिचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

पाठीवरच्या छोट्या पिशवीत शिट्टी, चिकटपट्टी, भरलेला फोन आणि पहाटेची सुरुवात असेल तर डोक्यावरची बॅटरी. आणीबाणीसाठी ११२ हा नंबर आहे खरा, पण कणकुंबी-चोर्ल्याकडे घाटात फोनला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून मार्गाचा नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. खुणेच्या रिबिनी कधी गुरं ओढतात, कधी पोरं. बराच वेळ रिबीन दिसली नाही तर पुढे अंदाज न करता शेवटच्या रिबिनीपर्यंत मागे या. शेताच्या बांधावर एखादी आजी हटकून विचारेल, "कशाला पळालास रं बाळा, वाघ लागलाय काय मागं?" तिला हसून उत्तर द्या आणि वाटही विचारून घ्या. ती रोज त्याच वाटेने सरपण आणते.

सरावासाठी भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. गवे आणि अस्वलं तिथे आहेत, आणि पहाटे धुक्यात वळणावर गव्यासमोर यायची वेळ कुणावर न येवो.

आदल्या रात्री बिब, म्हणजे शर्यतीचा छातीवरचा नंबर, टी-शर्टला टाचून ठेवा, नखं कापा, काखेत आणि मांड्यांच्या आत लावायला व्हॅसलीन काढून ठेवा. सकाळी पहिल्या दोन किलोमीटरला सगळे पुढे पळतील, त्यांना जाऊ द्या. अरुंद पायवाटेवर मागून कुणी आलं तर कडेला सरका आणि वाट द्या. चिक्कीचा कागद परत खिशात.

घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली गोचिडी शोधा. गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही त्याची साथ आली. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे आपल्या शर्यतींचाही. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात कडक ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी जंगलात पळून आलोय.