स्वस्त ब्रेकचे पार्ट: गाडीला लावण्याआधी आणि लावल्यावर काय तपासायचे

माझ्या मोटरसायकलचा पुढच्या ब्रेकचा लिव्हर गाडी आडवी पडून वाकला. त्या जागी मी बाजारातला एक चकचकीत, स्वस्त लिव्हर बसवला. बोल्ट नीट बसला, ब्रेकही लागला. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर गाडी जड वाटू लागली. ॲक्सिलरेटर वाढवला तरी पळेना, आणि पुढून जळका वास आला. थांबून पाहिले तर पुढचे चाक हाताने फिरत नव्हते आणि डिस्क भट्टीसारखी तापली होती. लिव्हरचा बोल्ट काढून तो बाजूला केल्यावर चाक लगेच मोकळे झाले. हे भर वेगात झाले असते तर काय, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. त्यामुळे सुरुवात लिव्हरपासूनच करतो.

लिव्हरच्या मुळाशी एक छोटा उंचवटा असतो आणि तो मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइलवर दाब देणारा पंप) पिस्टन ढकलतो. लिव्हर सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, कारण तेव्हाच आतले एक बारीक छिद्र उघडते आणि तापून फुगलेले ब्रेक ऑइल टाकीत परत जाऊ शकते. माझ्या लिव्हरचा उंचवटा किंचित मोठा होता. पिस्टन थोडासा दाबलेलाच राहायचा आणि छिद्र बंद. ऑइल तापले, फुगले, परतीची वाट नाही म्हणून डिस्कला चिमटीत धरणाऱ्या पॅडवर दाब पडला. पॅड घासले की आणखी उष्णता, आणखी दाब. शेवटी ब्रेक जाम.

म्हणून नवा लिव्हर बसवला की बोटाच्या टोकाने अलगद हलवून पाहा. पिस्टनला टेकण्याआधी तो थोडा मोकळा हलला पाहिजे. हा ‘प्ले’ किती हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लांबी कमी-जास्त करायचा खटका असेल तर प्रत्येक नंबरवर ही तपासणी करा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही पाहा. प्ले अजिबात नसेल तर लिव्हर परत करा. उंचवटा कानशीने घासून जुळवायच्या भानगडीत पडू नका. लिव्हर दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, सोडल्यावर विझतो का, हेही बघा. स्वस्त लिव्हर पुष्कळदा स्विचला नीट टेकतच नाहीत.

आता पॅड. जुना काढला की नवा त्याच्या शेजारी ठेवा. लोखंडी पट्टीची जाडी, कानांचा आकार आणि पिनचे भोक जुळते का ते पाहा. मग पॅड उजेडासमोर आडवा धरा आणि पट्टी व लायनिंग (डिस्कवर घासणारा थर) जिथे चिकटले आहे तो सांधा चारही बाजूंनी तपासा. केसाएवढी फट, सुटलेला कोपरा किंवा सांध्यात शिरलेला गंज दिसला तर तो पॅड लावू नका. लायनिंग पट्टीपासून सुटले तर ब्रेक मारताना लोखंड थेट डिस्कवर घासते. पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर बसवलेल्या पॅडच्या घरात, हाताने सहज सरकायला हवा. ठोकून बसवावा लागत असेल तर सोडल्यावर तो मागेही येणार नाही.

काही पॅडवर ‘एफएफ’, ‘जीजी’, ‘एचएच’ अशी अक्षरे असतात. पहिले अक्षर कमी तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. पॅड टिकेल किती आणि चिकटवला कसा आहे, हे त्यावरून कळत नाही. गोलातले ई आणि ९० आर हा शिक्का संयुक्त राष्ट्रांच्या बदली ब्रेक लायनिंगच्या नियमाचा असतो. पण शिक्क्याचीही नक्कल होते, म्हणून तो दिसला तरी सांधा तपासाच.

मागे ड्रम ब्रेक असेल तर तीच नजर शूवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या कमानीसारख्या तुकड्यांवर ठेवा. तिथे लायनिंग सुटले तर ते शू आणि ड्रमच्या मध्ये अडकून चाक अडवू शकते. जुनी धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, कारण जुन्या किंवा निकृष्ट लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

डिस्कवर बहुधा तिची किमान जाडी कोरलेली असते. जुनी डिस्क त्याखाली गेली असेल तर नवे पॅड घालून उपयोग नाही. नव्या डिस्कवर असा आकडाच नसेल तर मी ती घेत नाही.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच वापरा. डॉट ३, ४ वगैरे हे ऑइलचे प्रकार. डॉट ४ ताजे असताना २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये, हवेतले पाणी शोषल्यावर ही हद्द १५५ वर येते. त्यामुळे उघडून ठेवलेली बाटली नको. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नका. होज (ब्रेक ऑइलची नळी) बदलला तर जोडाचे वॉशर नवेच घाला, बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळा. मग ब्रेक ऑइलमधली हवा काढा. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर आत अजून हवा आहे.

सगळे बसल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्या, तपासायचे चाक जमिनीपासून उचललेले हवे. लिव्हर दाबा, सोडा, चाक फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालेल, अडणे नाही. लिव्हर घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. तो हळूहळू हँडलकडे सरकला तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर दाब धरत नाही, आणि अशा गाडीवर बसायचे नाही. तुम्ही स्वतः काम करत नसाल तर मेकॅनिककडून या तपासण्या समोर करून घ्या, जुने पार्टही मागून घ्या.

पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात. नवे पॅड पूर्ण पकड धरेपर्यंत मध्यम वेगातून तीस-चाळीस वेळा सावकाश ब्रेक लावा, मध्ये ब्रेक गार होऊ द्या. मग ब्रेक न वापरता थोडे अंतर जाऊन थांबा आणि हात न लावता डिस्कजवळ तळवा धरा. धग लागली तर पॅड चिकटलेले आहेत, गाडी तिथेच उभी करा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पॅडचा सांधा, होजचे जोड आणि लिव्हरचा प्ले पुन्हा एकदा पाहा. तोवर जुना लिव्हर फेकू नका. माझा वाकलेला लिव्हर अजून डिकीत आहे, त्या दिवशी घरी येताना तोच परत लावला होता.