गिटारवरचे फिनिश कसे ओळखावे आणि कसे जपावे

इलेक्ट्रिक गिटारला पॉलिश लावण्यापूर्वी किंवा जुनी गिटार विकत घेण्यापूर्वी तिच्या लाकडावर कोणता थर (फिनिश) आहे हे आधी ठरवावे, कारण एका थराला मानवणारी गोष्ट दुसऱ्याची कायमची नासाडी करते. घरच्या फर्निचरला पॉलिश करून घेतलेल्या वाचकाला यातील नावे परकी वाटणार नाहीत. सुतार ज्याला ‘पीयू’ म्हणतात ते पॉलियुरेथेन आणि त्याचेच भावंड पॉलिएस्टर आजच्या बहुसंख्य गिटारींवर असते. रंगारी अजूनही ज्याला ‘ड्यूको’ म्हणतात ते मुळात ड्युपाँट कंपनीचे मोटारींसाठीचे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे फेंडर कंपनीच्या गिटारींना त्याच जातीचे लॅकर दिले जाई.

पॉलियुरेथेन-पॉलिएस्टर (थोडक्यात ‘पॉली’) आणि नायट्रोसेल्युलोज (‘नायट्रो’) या दोहोंतला फरक सुकण्याच्या रीतीत आहे. नायट्रो केवळ थिनर उडून गेल्याने सुकते, त्यामुळे त्यावर पुन्हा लॅकर मारले की खालचा थर विरघळून नव्याशी एकजीव होतो. पॉलीचा थर मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की थिनरला दाद देत नाही.

ओळखण्यासाठी प्रथम गिटार खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरावी. जुन्या चिनी मातीच्या बशीवर दिसतात तशा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर ते बहुधा नायट्रो असते. लाकूड आणि लॅकर तापमानातील बदलाने कमीअधिक आकुंचन पावतात आणि वयाबरोबर ठिसूळ झालेले लॅकर तडकते. पॉली वर्षानुवर्षे काचेसारखे सपाट राहते. धक्का बसला की त्याची जाडसर खपली उडते आणि खाली कोरे लाकूड उघडे पडते.

मग जिथे हात टेकतो ती जागा बोटांनी चाचपावी. नायट्रो तिथे झिजून कडेला पातळ होत जाते. १९५२ पासून गिब्सन कंपनीने काढलेल्या ‘लेस पॉल’ मॉडेलच्या सोनेरी गिटारींवर हे फार सुंदर दिसते: त्या सोनेरी रंगात पितळेसारखी तांबेमिश्रित भुकटी असते आणि वरचे लॅकर घामाने झिजले की कोपर टेकते तिथे, तांब्याच्या भांड्यावर कळंक चढावा तशी, हिरवट छटा उमटते.

तरीही खात्री होत नसेल, तर पिकगार्ड (तारांजवळ बसवलेली संरक्षक पट्टी) काढून त्याखालच्या झाकलेल्या भागावर कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोनचा एकच थेंब लावावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ ज्योत नसावी आणि प्लॅस्टिकच्या भागांना व कडेने बसवलेल्या पट्टीला (बाइंडिंगला) तो थेंब लागू देऊ नये, कारण ते विरघळतात. थर काही क्षणांत चिकट झाला तर लॅकर, काहीच झाले नाही तर पॉली.

पिकगार्ड काढलेलेच असताना झाकलेल्या आणि उघड्या भागातील रंग ताडून पाहावा. वरचे पारदर्शक नायट्रो पिवळे पडत जाते, म्हणून मूळचा पांढरा रंग सायीसारखा होतो आणि निळ्यात हिरवट झाक येते. १९५८ ते १९६० या काळातील अनेक सनबर्स्ट (मध्ये फिकट आणि कडांना गडद रंगाच्या) लेस पॉलवरचा लाल रंग उन्हाने इतका उडाला आहे, की आज त्या मधाच्या किंवा कोऱ्या चहाच्या रंगाच्या दिसतात. अशा गिटारीवर नवा रंग चढवणे हे मला नुकसानच वाटते.

जपणुकीत सर्वांत मोठा धोका स्टँडच्या रबराचा. रबरातील आणि फोममधील रसायने नायट्रोला मऊ करतात; माझ्या गिटारच्या नेकमागे (तारा दाबायच्या लांब दांड्यामागे) एका पावसाळ्यात रबराच्या खाचांचा ठसा जसाच्या तसा उमटला आणि तो आजही बोटाला लागतो. स्टँडच्या हातांना धुतलेले जुने सुती कापड गुंडाळावे. थंड प्रवासाहून आल्यावर गिटारची पेटी (केस) काही तास बंदच ठेवावी, म्हणजे तापमान एकदम बदलून लॅकर तडकत नाही.

मॅट फिनिश घासले गेले की तिथे चमकते. त्यावर चमक आणणारे पॉलिश लावू नये. नुसते तेल दिलेला नेक हाताला सर्वांत मोकळा लागतो, पण तेलाचा हात अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. दमट हवेत चकचकीत पॉली नेक घामाने चिकटत असेल, तर त्याची मागची बाजू राखाडी बारीक स्क्रब पॅडने लांबीच्या दिशेने हलकेच घासावी. पोलादी लोकर वापरल्यास पिकअप (तारांखालचे आवाज टिपणारे चुंबकी भाग) आधी चिकटपट्टीने झाकावेत, नाहीतर तिचे तुकडे चुंबकाला जाऊन बसतात.

पॉलीची उडालेली खपली भरण्यासाठी तिथे पातळ सुपरग्लूचे थेंब थोडे थोडे सोडावेत, प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा, भाग किंचित उंच झाला की १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून सपाट करावा. लाकूड उघडे असेल तिथे पाणी अगदी बेताने वापरावे.