ओकिनावाला जायचंय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

जपानच्या नैऋत्येला, तैवानच्या दिशेनं पसरत गेलेली ही बेटं १४२९ ते १८७९ या काळात रिउक्यु नावाचं वेगळं राज्य होती. १९४५च्या लढाईनंतर ती अमेरिकेच्या ताब्यात गेली आणि १५ मे १९७२ला जपानकडं परत आली. त्यामुळं इथली बोली, जेवण, देवस्थानं टोकियोपेक्षा निराळी. पॅकेज टूरमध्ये मात्र दोन दिवस मिळतात, त्यात एक समुद्रकिनारा आणि एक मत्स्यालय. तेवढ्यात समुद्र दिसतो, माणसं दिसत नाहीत.

माणसं दिसतात सणाला, आणि इथले बरेच सण अजून जुन्या चांद्र पंचांगावर चालतात. सगळ्यात मोठा म्हणजे पितरांचा सण, जुना बोन. तो चांद्र सातव्या महिन्याच्या १३ ते १५ तारखेला येतो, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या श्रावण पौर्णिमेच्या आसपास, कधी भाद्रपदात. पहिल्या दिवशी पितरांना घरी आणतात, तिसऱ्या रात्री निरोप देतात. या रात्री गावागावांतली तरुण मंडळी ढोल घेऊन गल्ल्यांतून एइसा नाचत फिरतात. बघायला तिकीट लागत नाही. मिरवणुकीच्या मधे शिरू नका, कडेनं चाला. तोंडाला पांढरा रंग फासलेला विदूषकासारखा गडी हातानं खुणावेल तिकडं सरका. निरोपाच्या रात्री गल्ली चुकली, तर पुढच्या शनिवार-रविवारी ओकिनावा शहरातल्या मैदानावर अनेक मंडळांचा मोठा एइसा महोत्सव असतो. एक अडचण धरूनच चाला: सणाच्या दिवसांत घरगुती खानावळी बंद असतात आणि हा ऐन तुफानांचा हंगाम असतो.

तुफानांची भीती जुलै ते ऑक्टोबर, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जास्त. पावसाळा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. सण नको, नुसती बेटं निवांत हवीत, तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात. २९ एप्रिल ते ५ मे हा आठवडा टाळा, अख्खा जपान सुट्टीवर असतो. बेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला तिथले बत्तीस अंश किरकोळ वाटतात आणि तिथंच फसगत होते. हवा इतकी दमट, की घाम वाळत नाही, अंग गार होत नाही, दुपारपर्यंत चक्कर येते. अकरा ते तीन सावलीत राहा आणि मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा.

भारतातून जाताना मधे विमान बदलावं लागतं: टोकियो, हाँगकाँग, तैपेई किंवा सोल. लातूर-नांदेडहून रेल्वेनं मुंबई गाठणार असाल, तर विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. व्हिसा आधी काढा. औषधांचं नीट बघा: स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या कित्येक गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत. बाकीची औषधं महिन्यापुरती, चिठ्ठीसह.

मोनोरेल फक्त ओकिनावाची राजधानी नाहा आणि शेजारच्या उरासोएपुरती आहे, दुसरी रेल्वे नाहीच. तेव्हा मुख्य बेटावर गाडी भाड्यानं घेणं शहाणपणाचं. त्यासाठी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. फॉर्म ४ए, मूळ लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. परवाना वर्षभर चालतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून (३० जुलै १९७८पर्यंत ती उजवीकडून होती). पाऊस पडला की वेग निम्मा करा: इथल्या डांबरात प्रवाळी चुनखडी मिसळलेली असते, ती गुळगुळीत होऊन गाडी घसरते. गाडीतल्या नकाशात पत्त्याऐवजी ठिकाणाचा फोन नंबर टाकला की काम लवकर होतं.

आठ रात्रींत तीन मुक्काम पुरे: नाहा तीन रात्री, उत्तरेकडं मोतोबुत दोन, इशिगाकी-ताकेतोमी या बेटांवर तीन. नाहाहून इशिगाकीला प्रवासी बोट नाही, सुमारे तासाभराचं विमान आहे. तिथून ताकेतोमी बोटीनं पंधरा मिनिटांच्या आत. बहुतेक पर्यटक तिथं दिवसा येऊन संध्याकाळच्या बोटीनं परततात, म्हणून एक रात्र तिथंच राहा. पांढऱ्या वाळूच्या गल्ल्या गावकरी रोज सकाळी झाडतात. रेघा उठलेल्या वाळूवरून सायकल दामटू नका. धाकट्या बेटांवर रोख येन जवळ ठेवा. लाटा वाढल्या की आधी वेगवान बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीचा पूर्ण दिवस मोठ्या बेटावर काढा. यात कंजूषी केली, तर विमान हमखास चुकतं.

शाकाहारी मंडळींची खरी कसोटी ताटात. ओकिनावा सोबा या शेवयांच्या पदार्थात डुकराचं मांस आणि माशाचा रस्सा असतो. साध्या भाजीतही कात्सुओ या वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. म्हणून फोनमध्ये हे वाक्य ठेवा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ-दाशि मो दामे देस’ (मांस-मासे खात नाही, कात्सुओचं पाणीही चालत नाही). त्याहून बरं, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. गोया म्हणजे कारलंच आणि इथलं टोफू (सोयाबीनचं पनीर) चांगलं घट्ट असतं, दोन्हींची भाजी करा. चौघांसाठी एक मोठं कारलं पातळ चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग पिळा. तीनशे ग्रॅम टोफूवर वजन ठेवून पाणी काढा. तुकडे तेलात तांबूस परतून बाजूला काढा, मग मोठ्या आचेवर कारलं, शेवटी टोफू आणि खात असाल तर दोन अंडी. पाणी काढलं नाही की टोफू फुटतं आणि भाजीचा लगदा होतो. चहाबरोबर कोकुतो चघळा. तो उसाचा गूळच, आणि हातेरुमा, तारामा, योनागुनी अशा प्रत्येक बेटाची चव वेगळी. बॅगेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसर असू द्या.

उताकी हे इथलं देवस्थान. मूर्ती नाही, देऊळ नाही. झाडं, खडक आणि शांतता. सर्वांत महत्त्वाचं नान्जोमधलं सेफा उताकी. तिकीट दहा मिनिटं अलीकडच्या केंद्रात मिळतं, प्रवेशद्वाराशी नाही. चांद्र पाचव्या आणि दहाव्या महिन्याचे पहिले तीन दिवस ते बंद असतं. दगडावर बसायचं नाही, खडा उचलायचा नाही. कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या बांधकामांना चौथरा समजून चढू नका, ती थडगी आहेत.

संध्याकाळी सानशिन हे तीन तारांचं वाद्य वाजणाऱ्या खानावळीत शेवटी सगळे उठून काचाशी नाचतात. हात खांद्याच्या वर, मनगटं मोकळी, दोन्ही हात एकाच दिशेला डावीकडं-उजवीकडं. बसून राहणं थोडं उद्धट दिसतं. ‘हाइसाइ’ हा पुरुषांचा नमस्कार, बायकांचा ‘हाइताइ’. आभाराला ‘निफेदेबिरु’.

आपल्याकडचा पोहणारा विहिरीत शिकलेला असतो, त्यानं समुद्रात लाइफ जॅकेट घालावंच. प्रवाळकड्याच्या फटीतून पाणी बाहेर खेचतं. अडकलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, सरळ किनाऱ्याकडं नाही. उन्हाळ्यात हाबु जेलीफिश असतो, म्हणून जाळी लावलेल्या किनाऱ्यावरच उतरा. डंख झाला तर चोळू नका, व्हिनेगर ओता.

खरेदीत सानशिन घ्यायचं तर कृत्रिम कातड्याचं घ्या. अस्सल अजगराच्या कातड्याचं वाद्य परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. जांभळं रताळं कच्चं घेऊन टोकियोला निघालात, तर विमानतळावरच ठेवावं लागेल, कारण त्यातल्या किडीमुळं ते मुख्य जपानात न्यायला बंदी आहे. त्याची बिस्किटं चालतात.