थेंब वळत नाही? नॉबला हात लावण्याआधी या चुका टाळा

मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये, म्हणजे अगदी बारीक चॅनेल कोरलेल्या चिपमध्ये, तेलातून पाण्याचे थेंब सोडायचे आणि विद्युत क्षेत्राने हव्या त्या फाट्यात वळवायचे. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात थेंब सरळ निघून जातो, "काहून वळत नाही बे हा?" म्हणत पहिला हात व्होल्टेजच्या नॉबवर पडतो आणि तिथून घोळ सुरू होतो.

थेंबावरचं बल क्षेत्राच्या वर्गाने वाढतं. 100 मायक्रोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रोडना 100 व्होल्ट दिले की क्षेत्र मीटरला 10 लाख व्होल्टच्या घरात जातं. तेलात स्पॅन 80 (थेंब एकमेकांत मिसळू न देणारं साबणासारखं रसायन) घातलेलं असलं की पृष्ठताण आधीच बराच उतरलेला असतो, म्हणून 50 मायक्रोमीटरचा थेंब एवढ्यातच फुटण्याच्या काठावर येतो. व्होल्टेज दुप्पट केलं की थेंबावरचा विद्युत ताण चौपट! थेंब दोन्हीकडे निमुळता होतो आणि टोकांतून बारीक फवारा उडतो.

बहुतेक वेळा दोष भिंतीत असतो. प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) चिप चिकटवली की पीडीएमएसच्या, म्हणजे चिपच्या रबरासारख्या सिलिकोनच्या, भिंती पाणी धरू लागतात. त्यात चॅनेल अरुंद, भिंत आणि थेंबामधला तेलाचा पापुद्रा आधीच पातळ, क्षेत्र लावल्यावर तोही फाटतो. म्हणून क्षेत्र बंद ठेवून आधी सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाची मागची कड बघा. ती गोल न राहता एका बाजूला ओढली जात असेल, मागे बारीक ठिपके सुटत असतील, तर थेंब भिंतीला चिकटतोय. चिप 80 अंशांवर दिवस-दोन दिवस भाजा किंवा पाणी झटकणाऱ्या फ्लुओरोसिलेनचा थर द्या. घाईत चिकटवून लगेच वापरलेल्या चिपवर माझा तरी भरवसा नाही.

दुसरी हमखास चूक म्हणजे डीसी. इलेक्ट्रोड आणि चॅनेल यांच्यामध्ये पीडीएमएसची भिंत असली तर स्थिर व्होल्टेज हळूहळू त्या भिंतीतच अडकतं. सुरुवातीला थेंब जरासा वळतो, मग ढिम्म. अशा वेळी काही किलोहर्ट्झचं एसी द्या. नळाचं पाणी मात्र थेंबासाठी नको. त्याची वाहकता आज एक, उद्या दुसरी.

आता आपल्या नागपूरचं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की तेल पातळ होतं, थेंबाला होणारा विरोध घटतो आणि सकाळी जुळवलेला प्रवाह दुपारी जुळत नाही. तेलाचं तापमान वहीत लिहीत चला. कुलरचा झोत सेटअपवर अजिबात नको, ओलाव्याने चिपच्या काचेवरून विद्युतप्रवाह गळतो. पावसाळ्यात तर कुलर नसतानाही हेच होतं. इलेक्ट्रोडची टोकं कोरडी करून सिलिकोन सीलंटने झाका.

तेल-पाणी ढकलणाऱ्या पंपावरची सिरिंज मोठी असली की पंपाचे झटके थेंबात दिसतात, छोटी लावा. आणि व्होल्टेज मोजताना उच्च व्होल्टेजचा प्रोबच वापरा, साध्या प्रोबने ऑसिलोस्कोप जाऊ शकतो.