औषध मेंदूत शिरते कसे? उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘औषध मेदात जितके जास्त विरघळेल, तितके ते मेंदूत जास्त जाईल.’ फार्माकॉलॉजीच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य मला दरवर्षी भेटते. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच डोक्यातून काढणे अवघड जाते.

खरा भाग आधी. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, मधून वाट नसते. औषधाला पेशीच्या मेदमय पटलातूनच जावे लागते. मॉर्फिनला दोन अॅसिटिल गट जोडले की हेरॉइन होते. ते मेंदूत मॉर्फिनपेक्षा कितीतरी झपाट्याने शिरते आणि तिथे त्याचे पुन्हा मॉर्फिन होते.

मग लोपेरामाइडचे काय? जुलाबावरची ही साधी गोळी ओपिऑइडच (मॉर्फिनच्या वर्गातले औषध) आहे आणि मेदात मॉर्फिनहून कैक पटींनी जास्त विरघळते. तरी नेहमीच्या डोसला गुंगी येत नाही. केशवाहिनीच्या पेशीतला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप ते आत आले की लगेच रक्तात परत ढकलतो. क्विनिडीन हे हृदयाच्या ठोक्यांवरचे औषध देऊन पंप अडवला, तर याच लोपेरामाइडने श्वसन मंदावते. नुसता लॉग पी (मेदात विरघळण्याचे माप) पाहून उत्तर लिहिणाऱ्यांनी हे एक उदाहरण पक्के लक्षात ठेवावे. पंपाचा उल्लेख नसेल तर मी तरी पूर्ण गुण देत नाही.

दुसरी चूक म्हणजे विद्युतभार विसरणे. ॲट्रोपिन मेंदूत पोचते, त्याच्याच गटातले ग्लायकोपायरोलेट जवळजवळ नाही, कारण ग्लायकोपायरोलेटच्या नायट्रोजनवर कायमचा धनभार असतो. कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

थायोपेंटोन या भुलीच्या औषधाबद्दल तर बहुतेक जण चुकतात. शिरेतून दिल्यावर अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध हरपते, हे बरोबर लिहितात. पण रुग्ण काही मिनिटांत जागा होतो तो ‘यकृताने औषध मोडल्यामुळे’, असे पुढे जोडतात. यकृताला त्यासाठी कित्येक तास लागतात. जे मेदविद्राव्य औषध झटकन मेंदूत गेले, तेच तितक्याच सहज बाहेर पडून स्नायूंत पसरते, म्हणून जाग येते.

आणि पार्किन्सनच्या आजारावरचे लेव्होडोपा मेदविद्राव्य आहे, असे कृपया लिहू नका. अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून ते आत जाते. ज्या डोपामिनमध्ये त्याचे रूपांतर होते, त्याला तो वाहक मिळत नाही. सोबत दिलेला कार्बिडोपा मेंदूबाहेरच राहतो, त्यामुळे लेव्होडोपाचे डोपामिन वाटेतच होणे तो थांबवतो, मेंदूतले नाही.