कानातल्या आवाजासोबत रात्र काढताना

माझ्या डाव्या कानात जुन्या ट्यूबलाइटसारखी बारीक गुणगुण असते. दिवसा ती कामात विरून जाते, दिवा मालवला की डोकं वर काढते. म्हणून झोपताना खोली अगदी चिडीचूप ठेवू नका. मी पंखा लावते, नाहीतर मोबाइलवर पावसाचा आवाज. तो इतकाच ठेवायचा की त्याच्या आडून गुणगुण थोडी ऐकू यावी. ती पुरती बुडवायला गेलात तर मेंदूला तिची सवय होणं अवघड जातं, आणि सवय होण्यानेच खरा आराम पडतो. हे कळायला मला कितीतरी महिने लागले. दर पाच मिनिटांनी ‘आहे का अजून?’ म्हणून कानोसा घेणं सोडा. मला तेच सगळ्यात जड गेलं.

मध्यरात्री जाग आली तर तळमळत पडू नका, उठून मंद दिव्यात काहीतरी वाचा.

गोंगाटात इअरप्लग जरूर घाला, पण घरात दिवसभर नकोत. त्याने आवाज उलट जास्त जाणवतो. श्रवणचाचणी एकदा कराच. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांची गुणगुणही मागे पडते. आवाज माझ्यासारखा एकाच कानात असेल किंवा नाडीच्या तालावर ठोके देत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा.